मातशे रावा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अळसांदे सोलले. अळसांदे म्हणजे आमच्या पेडण्याकडची मोठी चवळी. भात कापून झालं की त्याच शेतात पेरतात. शेंगा वाळल्या की सोप्यावर पोतं पसरायचं आणि बसायचं. ती भिंतीला टेकून, मी खांबाला टेकून, मधे सूप. माझी बोटं आता वळत नाहीत. तिच्यासमोर ढीग व्हायचा तेव्हा माझ्या मुठीत चार दाणे.

"टरफलं दाण्यांत टाकू नका," ती म्हणाली.

"खंय उडयलीं?"

"ही काय. चष्मा लावा."

"चश्मो घरांत आसा."

"मग आणा. की मी आणू?"

असंच बोलणं चालायचं आमचं. मी पेडण्याच्या बोलीत, ती शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई कुठली तरी पुण्यासातारची असेल. ती होती हळर्णची. शेजारणीशी, माझ्या भावजयीशी, मासे विकायला येणाऱ्या बाईशी ती आमच्या बोलीत बोलायची, भांडायची, खो खो हसायची. माझ्याकडे तोंड वळलं की मराठी. तीस-पस्तीस वर्षं. शेजारच्या नव्या सुनेने एकदा मला विचारलं, आजी मास्तरीण होती का म्हणून. मी हो म्हटलं. काय सांगणार?

खरं कारण मला माहीत होतं. आणि मरायच्या आधी एकदा तरी तिने माझ्याशी तिच्या बोलीत एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं. तिच्याकडे तसं मागायचं धाडस झालं नाही. बाकी सगळ्यावरून आम्ही भांडलो. नारळावरून, पोरीच्या लग्नावरून, टीव्हीच्या आवाजावरून. या एका गोष्टीवर मी गप्प. शरम वाटायची.

मी कशीबशी सातवी पास. लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

आमच्या गावात देवळाच्या जत्रेला नाटक असायचं. मराठी नाटक, भाषा एकदम उंच. राजे, सेनापती, दुष्ट मामा. पात्रं मात्र गावचीच. पोस्टाचा शिपाई राजा, बसचा क्लीनर सेनापती. पाठांतर कोण करणार? पडद्याआड प्रॉम्प्टर बसायचा. तो वाक्य सांगायचा, आम्ही तेच ओरडायचं. लोकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं आणि कुणाची काही तक्रार नसायची.

मला ते आवडेना. नट म्हणजे तोंडपाठ पाहिजे. पण मला वाचायला वेळ लागायचा, जोडाक्षर आलं की गाडी अडायची. लग्न झालं आणि माझं नशीब उघडलं. बायको नववी शिकलेली. दिवेलागणीला ती पुस्तक घेऊन चुलीपाशी बसायची आणि वाचायची. मी ऐकून पाठ करायचो. राणीचंही तीच वाचायची, राजाचंही. "महाराज, थांबावे," असं ती वाचायची आणि मधेच मांजराला हुसकताना "वच गो" म्हणायची. श, ष, स सगळं वेगळं. माझा एखादा शब्द चुकला की पुस्तक मिटून बसायची. पुन्हा म्हणा. पुन्हा म्हणा. त्या वर्षी जत्रेत मी प्रॉम्प्टरशिवाय सबंध सेनापती केला. लोकांनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात मला खांद्यावर घेतलं. माझं डोकं तिथेच फिरलं. मला वाटलं, मी मुंबईचा नट.

त्याच सुमारास गोव्यात भाषेचा वाद पेटला होता. राज्य व्हायचं होतं, आणि राज्याची भाषा कोणती त्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. पेडणे, डिचोली म्हणजे सगळे मराठीवाले. मीही मोर्च्यात जायचो. मराठी आमची मायबोली, असं ओरडून घसा बसायचा. मग घरी यायचो आणि त्या बसक्या आवाजात म्हणायचो, "पेज वाड गो, भूक लागल्या."

ती कुलेर हातात धरून उभी राहायची. कुलेर म्हणजे चमचा. "ही खंयची मराठी?" म्हणायची. आणि हसायची. मीही हसायचो. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मुंबईला निघालो त्या दिवशी ती पेडण्याच्या स्टँडवर आली होती. आई रडत होती, ही नाही. गाडी सुरू झाली आणि हिच्या लक्षात आलं की बाटलीत पाणी भरायचं राहिलं. खिडकीतून माझ्या हातातली बाटली ओढून घेतली. "मातशे रावा, हांव उदक हाडटां," म्हणाली आणि समोरच्या हॉटेलच्या नळाकडे धावली. जरा थांबा, मी पाणी आणते. रावा म्हणजे थांबा. गाडी थांबली नाही. मी मागे वळून बघितलं तर ती रस्त्याच्या मधोमध, भरलेली बाटली दोन्ही हातांत धरून, ओंजळ धरल्यासारखी. बूच लावायलाही विसरली होती.

मुंबईत लालबागला आमच्या गाववाल्यांची खोली होती. तिथे पथारी टाकली. काम मिळालं बाइंडिंगच्या कारखान्यात, कागदाचे गठ्ठे कापायचं. संध्याकाळी नाइट स्कूल. शिकायची हौस नव्हती. गाववाल्याने सांगितलं होतं, नाटकात शिरायचं तर विद्यार्थी म्हणवून घे. नाटक कंपनीत तुला कोण विचारतो? पण विद्यार्थ्यांच्या एकांकिका असतात, स्पर्धा असतात, हौशी लोक असतात, तिथे धंदेवाला नट लागत नाही, पोरगा चालतो. म्हणून मी आठवीच्या वर्गात जाऊन बसलो. मिशीवाला. लग्न झालेला.

आता नाटकात काम कसं शोधायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. नाट्यगृहाच्या पुढच्या दाराला तिकिटं विकतात. मी तिथे जाऊन उभा राहायचो, नटासारखा. डोअरकीपर म्हणाला, "तिकीट आहे का? नाही? मग बाजूला हो." कुणीतरी सांगितलं मागचं दार. मागच्या दाराला चहाची गाडी असायची आणि गाडीभोवती कॉलेजची पोरं. झोळीवाली, दाढीवाली. ती सिगरेट ओढत बोलायची ते मला मराठी असूनही कळायचं नाही. मी तिथे रोज एक चहा घ्यायचो आणि तो पुरवून पुरवून प्यायचो. फोटो काढून घेतला होता, सेनापतीसारखी मान करून. तो खिशात. कुणाला द्यायचा?

शेवटी एकाला दिला. त्याने फोटो बघितला, मागे उलटा करून बघितला.

"कुठलं कॉलेज?"

"नाइट स्कूल."

"म्हणजे?"

"रात्रीची शाळा."

"कितवी?"

"आठवी."

"बाळ, आईला सांगून आलास ना?" तो म्हणाला. पोरं हसली. फोटो त्याने परत दिला नाही, कानात घालायला त्याची सुरळी केली.

तरी मी जात राहिलो. पेडण्याचा माणूस चिवट. पुढे त्यांनाच सेट उचलायला माणूस कमी पडला तेव्हा मला हाक मारली. ट्रंका उचलल्या, पडदा ओढला, चहा आणला. एका नाटकात गर्दीत उभा राहिलो. एका नाटकात प्रेत झालो, अख्खा पहिला अंक चादरीखाली. गावाला निरोप पाठवला की मुंबईत काम करतो. कसलं काम ते सांगितलं नाही. पण माझ्या मनात एकच होतं, बोलायचं काम. चार वाक्यं का होईना, मुंबईच्या रंगमंचावर, माझ्या तोंडची.

मग एक दिवस नव्या नाटकाची निवड होती. बसवणारे सर कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे, अंगाने बारीक, बोलायला गोड. त्यांनी सगळ्यांना एकच उतारा दिला. घर सोडून निघालेल्या भावाला धाकटा भाऊ अडवतो. मी तो उतारा एका पोराकडून तीनदा वाचून घेतला आणि पाठ केला. बाकीचे कागद हातात धरून वाचत होते. माझे हात रिकामे. मला वाटलं, आज.

मी उभा राहिलो. सुरुवात चांगली झाली. एवढी चांगली की माझं मलाच खरं वाटायला लागलं, समोर खरोखर कुणीतरी निघालं आहे असं. आणि उताऱ्यात होतं, "थांब दादा, असा जाऊ नकोस." माझ्या तोंडून निघालं, "राव दादा, राव."

हॉल फुटला. पोरं खुर्चीवरून खाली. पुण्यामुंबईकडे राव म्हणजे श्रीमंत मालक किंवा दोस्ताला मारायची हाक. कुणीतरी ओरडलं, "काय राव!" मोर्च्यांत मराठीसाठी घसा फोडलेला माणूस मी.

सर हसत नव्हते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "कुठला तू?"

"गोवा. पेडणे."

"घरी असंच बोलता?"

मी मान हलवली.

"अरे, लाजतोस काय? आपल्या नाटकात एक गडी आहे. लिहिलेला नाहीये नीट. गोव्याचा करून टाकू. तू तुझ्या भाषेत काहीही बोल. फक्त मजा आली पाहिजे."

काम मिळालं. बोलायचं काम. नाही म्हणायचं सुचलंसुद्धा नाही.

नाटकातला मालक सदा घाईत असायचा. कोर्टात निघालाय, लग्नाला निघालाय, बायको सोडून निघालाय. प्रत्येक वेळी तो दारापर्यंत गेला की गड्याने काहीतरी बोलून त्याला अडवायचं. तालमीत मी बरंच काही बोलून बघितलं. कुणी हसेना. सर म्हणाले, "आठव, आठव. गावाकडे माणूस निघाला की बाया काय म्हणतात?"

मी आठवलं. आणि बोललो, "मातशे रावा, हांव उदक हाडटां." नुसतं बोललो नाही. मान वाकडी केली, पदर खोचल्यासारखा हात कमरेला नेला, पाय न उचलता फरफटत धावलो. दोन्ही हातांत बाटली धरली. बूच न लावलेली.

सगळे हसले. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "हेच. दर वेळी हेच."

पहिल्या प्रयोगाला लोकांना पहिल्या खेपेला नीट कळलं नाही. दुसऱ्या खेपेला हसले. तिसऱ्या खेपेला मालक दाराकडे वळला आणि मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागले. ते हसू अंगावर येतं ना, ते दारूसारखं असतं. मी थांबायला शिकलो. मालक वळला की एकदम बोलायचं नाही. हसू चढू द्यायचं, मग बोलायचं. काही दिवसांनी चहाच्या गाडीवरची पोरंसुद्धा मला बघून म्हणायला लागली, "मातशे रावा." ते वाक्य कुणाचं होतं हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. लोक विश्वास ठेवणार नाहीत. पण खरोखर गेलं होतं. रोज वापरलेली वस्तू आपलीच वाटायला लागते.

म्हणूनच मी तिला बोलावलं. नाहीतर कोण बोलावेल? गावचं एक कुटुंब मुंबईला यायचं होतं, त्यांच्याबरोबर तिला धाडून द्या म्हणून निरोप दिला. माझं काम आहे, बोलायचं काम आहे, लोक टाळ्या वाजवतात. ती आली. जरीची साडी, लग्नातली. केसांत अबोली गोव्याहून आणलेली, प्रवासात सुकलेली. तिसऱ्या रांगेत बसली, गाववाल्याच्या बायकोशेजारी.

पडदा वर गेला. मी आत आलो आणि आधी तिच्याकडे बघितलं. नटाने असं बघू नये. ती पुढे सरकून बसली होती, घरी माझी वाक्यं ऐकताना बसायची तशी. मालक दाराकडे वळला. मी मान वाकडी केली.

"मातशे रावा, हांव उदक हाडटां."

हसू. मी धावलो. परत येताना बघितलं, तिने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, हसतेय. मग मी जास्तच केलं. दुसऱ्या खेपेला बाटलीतलं पाणी सांडवलं, रस्त्यावरच्या बाईसारखा मधोमध उभा राहिलो, गेलेल्या गाडीकडे बघत. ते मी त्याआधी कधी केलं नव्हतं. तिला दाखवायला म्हणून केलं. लोक हसून हसून बेजार. तिसऱ्या खेपेला पाहिलं तर पदर तिच्या तोंडावर नव्हता. हात मांडीवर होते. शेजारची बाई तिला कोपर मारून हसत होती आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मला आठवलं, वाक्य कुणाचं ते.

पुढे चौथी खेप होती. पाचवी होती. ती करावी लागली. मालक दाराकडे वळायचा, लोक हसायला लागायचे, आणि मला बोलायचं असायचं. मी आधी तिसऱ्या रांगेकडे बघायचो. लोकांना वाटायचं, काय थांबतो, काय टायमिंग आहे. त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या.

प्रयोगानंतर सर बाहेर आले. मी ओळख करून दिली. नजर खाली ठेवून.

"वहिनी, तुमच्या मिस्टरांनी काय पकडलंय हो ते," सर म्हणाले. "तुम्ही पण तसंच बोलता का? जरा बोलून दाखवा ना." मागे नाटकातल्या पोरी उभ्या होत्या, आधीच हसायच्या तयारीत.

ती म्हणाली, "नाही. आम्ही मराठी बोलतो."

एकेक अक्षर सुटं. सेनापतीच्या नाटकातली राणी वाचायची तशी. पोरींची तोंडं मिटली. सर म्हणाले, वा, वा. मी बाजूच्या पोस्टरकडे बघत राहिलो.

खोलीवर आलो. बाकीचे जेवत होते. मी म्हटलं, "तान लागल्या." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तहान कसली? ती उठली.

"थांबा," म्हणाली. "मी पाणी आणते."

तांब्या आणून समोर ठेवला. आवाजात राग नाही, रडं नाही. त्या दिवसापासून माझ्याशी तिचं मराठी सुरू झालं ते कायमचं.

मी नाटक सोडलं असं लिहायला बरं वाटलं असतं. सोडलं नाही. ती गावाला परत गेली आणि मी ते वाक्य बोलत राहिलो. दुसऱ्या संस्थेने बोलावलं, तिथेही गडी. तिसऱ्या ठिकाणी आचारी. "तसंच बोल," एवढंच सांगायचे. एकदा मी धीर करून विचारलं, मला बापाचं काम द्या, नाहीतर पोलिसाचं, मला साधं मराठी पाठ करता येतं. ते म्हणाले, "अरे, तू साधं बोललास तर तुला बघायला कोण येईल?" तेव्हा कुठे गाशा गुंडाळला. त्याला मी शहाणपण म्हणत नाही. मला पुढे कुणी घेईना, म्हणून आलो.

गावी आलो तर राज्य झालं होतं. भाषेचा निकाल लागला होता, कोकणी. मराठीलाही काहीतरी स्थान दिलं म्हणत होते. लोक अजून चिडलेले होते. मला जत्रेच्या नाटकात घ्यायला आले, मी नाही म्हटलं. पाठीचं दुखणं सांगितलं. पेडणे-म्हापसा बसवर कंडक्टर झालो. गाडीत दिवसभर माणसं मला सांगायची, रावय रे, मातशी रावय, म्हातारी देंवता. थांबव, म्हातारी उतरतेय. सगळा तालुका माझ्याशी त्या बोलीत बोलायचा. घरी आलो की, "आलात? हातपाय धुवून घ्या."

वाईट वागली का? कधीच नाही. आजारपणात माझं सगळं केलं. मस्करीसुद्धा करायची, पण मराठीत. "महाराजांची स्वारी आज लवकर?" असं. सुरुवातीला मी वाट बघितली, आज ना उद्या विसरेल. मग वाटलं, शिक्षा देतेय, दे. पुढे पुढे पोरीलाही ते सवयीचं झालं. पोर मला विचारायची, आई तुमच्याशीच असं का बोलते? मी म्हणायचो, आईला विचार. तिला विचारलं की ती म्हणायची, बाबांना विचार.

अळसांदे सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालायला गेली आणि परसातल्या पायरीवर बसली. अशी मधेच बसायची बाई नव्हे. मी गेलो. तिला घाम आला होता. मी म्हटलं, "कितें जालें?"

"थांबा. काही नाही. जरा बसते," म्हणाली.

तेवढंच. भावाच्या पोराने गाडी काढली. म्हापशाला पोचायच्या आधीच संपलं. संध्याकाळी सगळं आटोपलं. मी काय केलं, कुठे उभा होतो, आठवत नाही. मुलगी म्हणते, मी सगळ्यांना जेवलात का म्हणून विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आत स्वयंपाकघरात जमल्या. सुतकात चूल नाही पेटवायची, शेजारची पेज येते. मी जनेलाकडे, म्हणजे खिडकीपाशी, पाट घेऊन बसलो होतो. माझ्या धाकट्या भावाची बायको माझ्यासमोर पेजेचं ताट ठेवून खाली बसली. ती आणि माझी बायको सख्ख्या बहिणीसारख्या. माझ्या बायकोला ती बाय म्हणायची.

"भावोजी," ती म्हणाली, "बाय निमाणें कितें म्हणाली?" शेवटचं काय बोलली, असं.

मी सांगितलं. तिच्या शब्दांत सांगितलं, थांबा, काही नाही, जरा बसते. माझ्या आवाजात.

भावजय म्हणाली, "म्हणजे शेवटमेरेन सोंग सोडलें ना तिणें." शेवटपर्यंत सोडलं नाही, असं.

"कसलें सोंग?"

तिने मागे बायकांकडे बघितलं. एकदोघींनी माना खाली घातल्या. मला वाटलं, बोलू नये ते बोलली. पण मी धरून बसलो. मग तिने सांगितलं, हळूहळू, पेजेत मीठ कालवत.

आमच्याकडे पौषात धालो असतात. बायका रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या अंगणात, जमतात, गातात, नाचतात, शेवटच्या दिवशी सोंगं आणतात. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. आम्ही कधी फिरकलो नाही. मुंबईहून आली त्या वर्षापासून माझी बायको मांडावर सोंग आणायची. माझं. लुगड्यावर माझी पँट चढवायची, छाती काढून उभी राहायची, आधी लोकांकडे बघायची आणि मान वाकडी करून म्हणायची, मातशे रावा, हांव उदक हाडटां. मग पँट काढून टाकायची आणि बायको व्हायची. थांबा, मी पाणी आणते. बायकांचं हसून पोट दुखायचं. दर वर्षी मागायच्या. गुडघे धरले तरी दोन वर्षांमागपर्यंत करायची.

गावातली प्रत्येक बाई. माझ्या बसमधून म्हापशाला जाणारी, मला सुटे पैसे देणारी.

"आनी घरांत?" मी विचारलं. "घरांत म्हाजेकडेन मराठी उलयताली तें?"

"तेंय सोंगच न्हय?" भावजय म्हणाली. "आमी म्हणटालीं, पुरो गो आतां, सोड. बाय म्हणताली, विचारूं दी ताका एकदां. विचारलें जाल्यार सोडटां." तेही सोंगच होतं. आम्ही म्हणायचो, पुरे आता, तर म्हणायची, एकदा विचारू दे त्याला, विचारलं की सोडते.

पेज निवत होती. मी म्हटलं, "कशी करताली ती? दाखय."

"कितें?"

"सोंग. म्हाका दाखय."

ती उठली. तिचा हात कमरेकडे गेला, पदराला, आणि तिथेच राहिला. मागून एक म्हातारी खाकरली. भावजयीने हात खाली घेतला.

"ना भावोजी. मांडावयलें दादल्यांक दाखयनात," ती म्हणाली. पुरुषांना दाखवत नाहीत. रागाने नाही, नियम सांगावा तसं.

मी पेज संपवली. बाहेर सोप्यावर पुरुष बसले होते, माझा भाऊ, मुलीचा नवरा, हळर्णचा मेव्हणा. त्यांच्यात जाऊन बसलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला. आधी भावजय आवाज बदलून काहीतरी बोलली, मग दाबलेलं हसू, पदरातलं, मग आणखी एकीचं. घरात कालचं सुतक. मेव्हण्याने मान वर करून दाराकडे बघितलं.

मी मोठ्याने खोकलो. "यंदा काजूक मोर कसो आसा तुमगेर?" मी त्याला विचारलं, सोपा भरून जाईल एवढ्या आवाजात. तो चपापला. मग सांगायला लागला, मोहर बरा आहे, पण धुक्याने जळतोय. मी धुक्याचं विचारलं. मग औषध कुठलं मारतोस ते विचारलं.